अर्थ

डिकी उघडलीस आणि आधी स्नूकचा वास आला.
तीन बादल्या पाणी ओतलं म्हणतोस, डेन्व्हर.
मासा असा जात नसतो.
कार्पेट काढ, बघू
खाली पत्रा कुठवर शिल्लक आहे.

मिचेल्स प्लेनमध्ये आज वारा असा
की सुटे स्क्रू मी बशीत ठेवलेत
आणि बशीवर पक्कड.

पहिलं काम, बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडव.
स्टिरिओ बंद आहे म्हणून वीज झोपलीय समजू नकोस,
ती नुसती पडून असते, डोळे मिटून.

आता ही लाल वायर, करंगळीएवढी.
फ्यूज इथे, बॅटरीपासून वीतभर.
डिकीत बसवलास तर अँप वाचेल कदाचित,
मधले चार मीटर कोण वाचवणार?
फ्यूज म्हणजे ठरवून ठेवलेली कच्ची जागा.
गाडीत एक तरी हवी.
माणसांचं मी काही म्हणत नाही.

गसांतच्या क्रेसिडात नव्हती.
माझा भाऊ. इंजिनमागच्या पत्र्याला भोक पाडलं,
वायर ओवली, झालं.
पत्र्याची धार आठ महिने तिला कापत होती
प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी.
स्ट्रँडफाँटेनला, समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये,
तो चिप्स आणायला गेला होता.
आग लागल्यावरही गाणं थोडा वेळ चालू होतं म्हणतात.
चिप्स त्याने खाल्ले नाहीत, फेकलेही नाहीत,
घरी आणून टेबलावर ठेवले.

म्हणून हे रबरी कडं. चार रँड.
याचे पैसे मी लावत नाही, कुणालाच.

लाल वायर डावीकडून ने,
आवाजाच्या तारा उजवीकडून.
एकत्र नेल्यास तर इंजिन तुझ्या गाण्यात
शीळ घालत बसेल रॉबेन आयलंडच्या बोटीसारखं.

थांब!
ड्रिल खाली ठेव.
आधी गाडीखाली वाकून बघ.
दिसली टाकी?
हं.

आता काळी वायर, हातभरच, लांब नको.
रंग खरवड, रंगाखालचा रंगही,
पत्रा चकाकेपर्यंत.
रंगावर टेकवलेल्या अर्थला अर्थ नाही,
वीज घरी परतायची वाट शोधत
कुठल्या कुठे हिंडेल.
इथे नको, हे मिठाने खाल्लंय. वर सरक.
तो बोल्ट सोड, तो सीटबेल्टचा,
त्याचं काम दुसरं आहे.

मागच्या सीटवर कोण बसतं?
मी सहज विचारलं, खोक्याची मापं घेता घेता.
तू पान्याकडे बघत म्हणालास,
जोडीन.
कोण जोडीन?
माझी. अकरा महिन्यांची.

मला ठाऊक नव्हतं.
एकोणीस वर्षांचा तू,
दाढीच्या नावाने चार केस.

तेवीस किलोचा हा खोका, डेन्व्हर.
तू ब्रेक मारतोस, गाडी थांबते.
खोक्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग आपण दोनाचे चार बोल्ट केले,
खालून जाड चकत्या,
आणि वर तुझ्या मामाच्या होडीवरचा पट्टा.
अँप वेगळा, उभ्या फळीवर,
त्याला श्वास घ्यायला चार बोटं मोकळी.
तू खोका दोन्ही हातांनी ओढलास,
पाय लावून ओढलास.
टॅझ हलली, खोका नाही.

शेवटी निगेटिव्ह जोडलं. ठिणगी एवढीशी.
मीटरवर चौदा पूर्णांक एक.

पोरं अशा वेळी पुढे बसतात, काचा खाली करतात,
गल्लीत कोण बघतंय ते बघतात.
तू मागे गेलास.
गुडघे छातीशी घेऊन तिच्या जागेवर बसलास
आणि म्हणालास, लाव. हळू.

माझा डावा कान पंचवीस वर्षांत या धंद्याने नेला.
मी डिकीवर तळहात ठेवून ऐकते.
थोडं वर? विचारलं.
नको, म्हणालास.
अजून खाली घेतलंस.
नंबरप्लेट तेवढी खडखडत होती,
तिच्यामागे स्पंजचा तुकडा घालायचा राहिलाय.
शनिवारी ये. येताना स्नूक आण, लहानसा,
आणि डिकीत नको, बादलीत.